शिकवण्याआधी ऐकणं : मराठवाड्यात एमआयचा प्रशिक्षक व्हायचं असेल तर

“ताई, मला एमआयचं ट्रेनिंग द्यायचंय. कुठून सुरुवात करू?” असा फोन मला बीड, लातूर, परभणीकडून अधूनमधून येतो. एमआय म्हणजे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, सवय बदलण्याविषयी माणसाशी बोलायची एक पद्धत. फोन करणारी माणसं बहुतेक माझ्यासारखीच असतात. कुणी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक असतं, कुणी व्यसनमुक्ती केंद्रात, कुणी टीबीच्या कामात, तर कुणी एमएसडब्ल्यू करून नुकतंच संस्थेत लागलेलं. मी प्रत्येकाला एकच उलट प्रश्न विचारते : तुमच्या एखाद्या संवादाचं वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे का, आणि ते तुम्ही बसून पुन्हा ऐकलंय का? बहुतेकांकडे नसतं. म्हणून हा लेख स्लाइड आणि प्रमाणपत्रं बाजूला ठेवून रेकॉर्डिंगपासून सुरू होतो.

आधी नावाचा घोळ मिटवू

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे एमआय. ‘मोटिव्हेशनल’ म्हटलं की आपल्याकडे माइक घेऊन स्टेजवर येरझाऱ्या घालणारा वक्ता आठवतो आणि ‘इंटरव्ह्यू’ म्हटलं की नोकरीची मुलाखत. एमआयचा या दोन्हींशी संबंध नाही. माणसाला बदलायचं असतं आणि नसतंही. एक मन म्हणतं सोड, दुसरं म्हणतं राहू दे. अशा वेळी बदलाची कारणं आपण सांगायची नाहीत, ती त्याच्याच तोंडून यावीत अशा रीतीने बोलायचं, ही एमआयची गाभ्याची गोष्ट. आशाताईंसमोर, म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविकांसमोर, मी याला ‘बदलाची बोलणी’ म्हणते. बोलणीत दोन बाजू असतात, आणि शेवटी होकार ज्याचा त्यानेच द्यायचा असतो.

ही पद्धत कशी जन्मली ते प्रशिक्षकाला ठाऊक असावं. १९८२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर नॉर्वेत बर्गनला गेले होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ स्वतः रुग्ण बनून त्यांच्यासमोर बसत, मध्येच थांबवत आणि विचारत : आत्ता हेच का म्हणालात? हाच प्रश्न का निवडलात? उत्तरं देता देता मिलर यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं की आपण काही ठरावीक नियमांनी बोलतोय. १९८३ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. पुढे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि वेल्समध्ये काम करणारे स्टीफन रोलनिक त्यांना येऊन मिळाले. १९९१ साली दोघांचं पुस्तक आलं आणि २०२३ साली त्याची चौथी आवृत्ती निघाली. म्हणजे ही पद्धत शिकणाऱ्यांनी विचारलेल्या ‘का’मधून उघड झाली. तुमच्या प्रशिक्षणात असे ‘का’ विचारायला जागा नसेल, तर तुम्ही दुसरंच काहीतरी शिकवताय.

पायरी १ : आधी स्वतः भरपूर काम करा

किमान वर्ष-दीड वर्ष रोजच्या कामात एमआय वापरल्याशिवाय शिकवायला उभं राहू नका, असं माझं ठाम मत आहे. पुस्तक वाचून व्याख्या सांगता येतात. पण प्रशिक्षणात कुणीतरी हमखास उठून म्हणतं, “मॅडम, आमच्या गावात एक जण आहे, तो ऐकतच नाही. करून दाखवा.” तेव्हा व्याख्या उपयोगी पडत नाही.

कुणाबरोबर सराव करायचा? समोर येईल त्याच्याबरोबर. मराठवाड्यात त्यासाठी वेगळं शोधायला जावं लागत नाही. तंबाखू मळणारे, मिश्री लावणाऱ्या मावश्या, साखर वाढली तरी मोंढ्यात आठ चहा पिणारे काका, बीपीची गोळी ‘बरं वाटलं म्हणून’ बंद करणारे, टीबीचा कोर्स अर्ध्यावर टाकून कोयता घेऊन कारखान्याला गेलेले, असे सगळे ओपीडीच्या बाकावर बसलेले असतात.

सुरुवातीला एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा : तुमची दुरुस्तीची घाई. समोरच्याचं चुकतंय हे दिसलं की आपली जीभ वळवळते. “अहो काका, तंबाखूनं कॅन्सर होतो!” हे काकांना पुडीवरच्या चित्रावरूनही कळलेलं असतं. आपण बदलाची बाजू घेतली की त्यांच्याकडे न बदलण्याची बाजू उरते, आणि ती मांडता मांडता त्यांची त्यांनाच पटत जाते. हे तुमच्या स्वतःच्या दहा-वीस संवादांत घडताना दिसलं, तरच ते दुसऱ्याला खरेपणाने सांगता येईल.

पायरी २ : रेकॉर्ड करा, ऐका, मोजा

ही पायरी लोक टाळतात. मीही दोन वर्षं टाळली. मग एका काकांची परवानगी घेऊन फोनवर वीस मिनिटं रेकॉर्ड केली आणि रात्री वही घेऊन बसले. एकतीस प्रश्न आणि चार रिफ्लेक्शन, म्हणजे समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ विधान म्हणून त्याला परत सांगणारी वाक्यं. त्या चारांपैकी तीन म्हणजे काकांचंच वाक्य जसंच्या तसं परत. आपण फार छान ऐकतो अशी माझी समजूत होती. ती त्या वहीत मोडली, आणि माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

परवानगी नीट घ्या. रेकॉर्डिंग का करताय, कोण ऐकणार, कधी पुसणार हे साध्या मराठीत सांगा. नाही म्हणाले तर उपचारात काडीचाही फरक पडणार नाही हेही सांगा, आणि खरोखर पडू देऊ नका. नाव-गाव रेकॉर्डिंगमध्ये येऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल फिरवू नका. गाव लहान असतं, आवाज ओळखू येतो.

मोजण्यासाठी ‘मिटी’ नावाची पद्धत आहे. तिची पुस्तिका न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या केंद्राने मोफत दिलेली आहे. वीस मिनिटांचा तुकडा ऐकायचा. चार गोष्टींना १ ते ५ गुण द्यायचे : बदलाच्या बोलण्याला खतपाणी घातलं का, न बदलण्याच्या बोलण्याला मऊपणे हाताळलं का, भागीदारी राखली का, आणि समोरच्याचं म्हणणं खोलवर समजून घेतलं का. शिवाय प्रश्न किती, साधी रिफ्लेक्शन्स (त्याचंच म्हणणं परत सांगणारी) किती, खोल रिफ्लेक्शन्स (न बोललेला अर्थ पकडणारी) किती, पटवण्याचा प्रयत्न किती वेळा झाला, टकराव किती, हे वेगळं मोजायचं. ४.२.१ या आवृत्तीत ‘बऱ्यापैकी’ कामासाठी एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन आणि ‘चांगल्या’साठी एका प्रश्नामागे दोन अशी खूण दिली आहे. एकूण रिफ्लेक्शन्सपैकी खोल किती, तर बऱ्यापैकीसाठी ४० टक्के आणि चांगल्यासाठी ५० टक्के. या रेषा तज्ज्ञांच्या मतावर आखलेल्या आहेत आणि पुस्तिकेत तसं स्पष्ट म्हटलंय. त्यामुळे परीक्षेच्या मार्कांसारखी त्यांची धास्ती घेऊ नका. पण स्वतः शिकवणाऱ्याचं काम ‘चांगल्या’च्या आसपास असावं, हा माझा आग्रह आहे.

महिन्याला एक रेकॉर्डिंग मोजलंत तरी वर्षात बारा होतात. वही जपून ठेवा. पुढे प्रशिक्षणात ती पहिली पानं दाखवली की लोकांची भीड चेपते.

एकट्याने मोजण्यात एक खोट असते, आपण स्वतःला सूट देतो. म्हणून तीन-चार जणांचा ऐकण्याचा गट बांधा. आम्ही अंबाजोगाई, लातूर आणि माजलगावची मिळून चौघीजणी महिन्यातून एका रविवारी बसायचो. एकीचं रेकॉर्डिंग लागायचं, सगळ्याजणी वेगवेगळं मोजायच्या, मग आकडे पडताळायचे. सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते जिथे आकडे जुळले नाहीत त्या जागी.

पायरी ३ : तुमची मराठी घडवा

इंग्रजी साहित्यात जे आहे ते आपल्या बोलीत उतरवायचं, तर केवळ शब्दांचं भाषांतर करून भागत नाही. माझ्या मते मराठवाड्यातल्या प्रशिक्षकाची खरी कमाई हीच, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली अडचण रिफ्लेक्शनची. आशाताईंना मी याला ‘आरसा-वाक्य’ म्हणते : समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ विधान म्हणून त्याच्यापुढे धरायचा. पण आपल्याकडे वाक्याच्या शेवटी ‘का’, ‘ना’, ‘हो ना’ आपोआप चिकटतं. “म्हणजे तुम्हाला दारू सोडायची आहे का?” हा प्रश्न झाला. त्याला होय किंवा नाही एवढंच उत्तर येतं, आणि माणूस सावध होतो. “दारूचा आता वीट आलाय.” हे आरसा-वाक्य. शेवटी आवाज खाली उतरवायचा आणि गप्प बसायचं. ही खाली उतरणारी चाल शिकायला लोकांना अर्धा दिवस लागतो. तो द्या.

दुसरं, ‘पण’ हा शब्द. ऊसतोडीला जाणारे एक दादा म्हणाले, “तंबाखू सोडावी वाटायलीय, पण कोयता हातात घेतला की हात पुडीकडंच जातो.” याचं उत्तर “सोडावी वाटते, पण कोयता हातात आला की अवघड होतं” असं दिलं, तर गाडी अवघडपणावर अडकते. वाक्याच्या शेवटी जे ठेवाल त्यावर समोरचा पुढे बोलतो. म्हणून मी म्हणाले, “कोयता हातात असला की अवघड जातं, आणि तरीबी सोडावी वाटायलीय.” दादा जरा थांबले. म्हणाले, “व्हय. धाकटीला वास आवडत नाही. जवळच येत नाही.” ‘पण’च्या जागी ‘आणि’ घातला आणि क्रम फिरवला, एवढंच केलं.

तिसरं, बदलाची भाषा ओळखणं. पुस्तकात तिचे प्रकार सांगितलेत. आपल्या कानावर ते कसे पडतात ते बघा. इच्छा : “सुटली तर बरंच होईल.” क्षमता : “श्रावणात महिनाभर सोडलीच होती की.” कारण : “पोरीच्या लग्नापर्यंत धडधाकट राहायचंय.” गरज : “आता आवरावंच लागंल.” मग निश्चय आणि तयारी, आणि शेवटी प्रत्यक्ष पाऊल : “परवापासून डबी घरीच ठेवून रानात जायलोय.” श्रावणाचं वाक्य आपण सहज सोडून देतो. खरं तर ती सोन्याची खाण असते. महिनाभर कसं जमवलंत, कशाचा आधार झाला, तलफ आली तेव्हा काय केलंत, हे विचारा. माणूस स्वतःच्याच यशाची हकीकत सांगायला लागतो.

तसंच माळेचं. “पंढरीला जाऊन माळ घालतो” हा आपल्या भागात फार वजनाचा शब्द आहे. बायकोने लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून घेतलेली शपथ वेगळी आणि स्वतःहून घातलेली माळ वेगळी. एक बाहेरून आलेली असते, दुसरी आतून. समुपदेशकाने माळ घालायला सांगायचं नाही. कुणी स्वतः म्हणालंच तर विचारायचं, “हे मनात कशावरून आलं?”

चौथी गोष्ट सर्वांत फसवी : होकार. “तुम्ही म्हणाल तसं, मॅडम.” “सोडतो की.” “बघू.” नवा समुपदेशक वहीत लिहितो, रुग्ण तयार आहे. पण ही बहुतेक वेळा आदराची भाषा असते, मोठ्या माणसापुढे नाही म्हणायचं नाही म्हणून. ‘बघू’ म्हणजे तर दार हळूच लावून घेणं. इथे मी असं म्हणते : “माझा मान ठेवताय. आणि घरी गेल्यावर हे निभवायचं तुम्हालाच आहे. यातलं कुठलं तुम्हाला स्वतःला जमेलसं वाटतं?” मग खरं बोलणं सुरू होतं.

आणि मोजपट्टीचं. ‘शून्य ते दहामध्ये तुमच्यासाठी हे किती महत्त्वाचं?’ हा एमआयमधला नेहमीचा प्रश्न आहे. शाळा फारशी न शिकलेल्या माणसाला शून्य ते दहा परकं वाटतं. पण पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं ते रुपयात पैशांनी सांगायची सरकारी रीत, आपल्या शेतकऱ्याला पक्की ठाऊक असते. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ, असं वर्षानुवर्षं धरलं गेलंय. म्हणून मी विचारते, “काका, रुपयात किती पैसे वाटतं, हे सोडावं असं?” काका म्हणतात, “चाळीस.” आता खुबी पुढच्या प्रश्नात आहे. “नव्वद का नाही?” असं विचारलंत तर न सोडण्याची कारणं ऐकायला मिळतील. “दहा पैसे नाही म्हणालात, चाळीस म्हणालात. ते कशामुळे?” असं विचारलंत तर सोडण्याची. हे तुम्ही स्वतः पंचवीसेक वेळा करून बघा, मग शिकवा.

पायरी ४ : कुठे वापरायचं नाही, हे आधी ठरवा

प्रशिक्षकाला मर्यादा सांगता आल्या नाहीत, तर शिकलेला माणूस कुठेही हत्यार परजतो.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. हात थरथरणं, घाम, झोप उडणं दिसलं की तो आधी डॉक्टरांचा रुग्ण. कितीही सुंदर संवाद झाला तरी “आजपासून बंद” हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवू देऊ नका.

आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाशी ‘बदलाची बोलणी’ करायची नसतात. त्याला एकटं सोडायचं नाही, घरात फवारणीच्या औषधाची बाटली कुठे आहे ते विचारून ती दूर करायची, आणि मानसोपचार विभागापर्यंत सोबत जायचं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सहभागीच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी सेव्ह करून घ्या. आपल्या आठही जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसोबत काम करणाऱ्याला ही वेळ आज ना उद्या येतेच.

तिसरी मर्यादा नैतिक आहे आणि ती बोलायला आपण कचरतो. समोरच्याच्या निर्णयात आपला फायदा असेल तर एमआय वापरून त्याला एका बाजूला वळवायचं नाही. नसबंदीचं टार्गेट डोक्यावर असताना आशाताईने ही कौशल्यं त्यासाठी वापरली, तर ते ऐकणं राहत नाही, फूस लावणं होतं. अशा वेळी दोन्ही बाजूंची माहिती सारख्याच वजनाने द्यायची आणि थांबायचं. मी हे प्रत्येक प्रशिक्षणात बोलते. दरवेळी खोलीत शांतता पसरते, आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी बाजूला येऊन मनातलं सांगतं.

पायरी ५ : औपचारिक वाट

एमआयच्या प्रशिक्षकांची जागतिक संघटना म्हणजे ‘मिंट’. १९९३ साली मिलर आणि रोलनिक यांनी पहिल्यांदा प्रशिक्षकांचं प्रशिक्षण घेतलं, त्यातून ती उभी राहिली. तिच्यातर्फे नव्या प्रशिक्षकांसाठी कार्यशाळा होते, तिला टीएनटी म्हणतात. तिथे एमआय शिकवत नाहीत, ते तुम्हाला आधीच येतंय असं धरून कसं शिकवायचं ते शिकवतात. म्हणून अर्ज करतानाच तुमच्या कौशल्याचा पुरावा आणि अनुभव मागतात. ती कार्यशाळा पूर्ण केली की मिंटचं सदस्य होता येतं. अटी, शुल्क आणि जागा बदलत असतात, तेव्हा मिंटच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची माहिती बघूनच ठरवा.

‘एमआय प्रशिक्षक’ म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. मिलर आणि रोलनिक यांनी या नावावर मालकी हक्क घेतला नाही. त्यामुळे कुणीही बोर्ड लावू शकतं. याचा अर्थ जबाबदारी आपल्यावर येते : तुमच्या पत्रकावर जे केलंय तेवढंच लिहा. दोन दिवसांची कार्यशाळा केली असेल तर ‘दोन दिवसांची कार्यशाळा’ लिहा.

इंग्रजी कच्चं म्हणून मागे हटू नका. गटात एक जण वाचून समजावणारा असला तरी पुष्कळ होतं. तुळजापूरचा टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा) परिसर, आपल्या विद्यापीठांतले समाजकार्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग इथल्या शिक्षकांना भेटा. रेकॉर्डिंग ऐकायला आणि त्यावर बोलायला वेळ देणारा एक जरी भेटला तरी प्रवास सार्थकी लागतो.

पायरी ६ : पहिलं प्रशिक्षण आखताना

माझं पहिलं प्रशिक्षण मी सत्तर स्लाइडवर केलं. टाळ्या मिळाल्या. तीन महिन्यांनी गावात गेले तर त्याच ताई मावशींना तंबाखूचे बारा दुष्परिणाम पाठ म्हणून दाखवत होत्या. मी त्यांना व्याख्यान दिलं होतं, त्या पुढे व्याख्यानच देत होत्या. आपल्या भागाला कीर्तनाचा वारसा आहे, चांगलं बोलणारा माणूस आपल्याला भावतो आणि सभागृहही प्रशिक्षकाकडून तेच मागतं. ती मागणी प्रेमाने बाजूला ठेवावी लागते. बोलण्याचा वाटा कमी, करून बघण्याचा जास्त.

माणसं सोळा ते अठरा, त्याहून जास्त नकोत. खुर्च्या गोल. दोन दिवस असले तरी हिशोब खऱ्या वेळेचा करा : आशाताई वस्तीवरून येतात, अकरा वाजतात, आणि चारची एसटी चुकली की पुढचं सगळं कोलमडतं. दिवसाला साडेचार तास धरा.

पहिल्या दिवशी प्रस्तावना न करता जोड्या लावा. एकीने स्वतःच्या आयुष्यातला एखादा खरा, छोटा, न जमलेला बदल सांगायचा. दुसरीने पाच मिनिटं तिला पटवायचं : फायदे सांगायचे, उपाय सुचवायचे, ‘करून टाक की’ म्हणायचं. मग थांबवा आणि पटवणारीला नाही, बदल सांगणारीला विचारा, कसं वाटलं? “सासूबाई बोलल्यागत वाटलं,” असं कुणीतरी म्हणतंच. ते फळ्यावर लिहा.

लगेच दुसरी फेरी, तोच विषय, तीच जोडी. आता दुसरीने सल्ला द्यायचा नाही, पाचच गोष्टी विचारायच्या : हा बदल का करावासा वाटतो? करायचाच तर कसा कराल? सगळ्यात मोठी तीन कारणं कोणती? किती महत्त्वाचा आहे, आणि त्याहून कमी का नाही? मग ऐकलेलं सगळं थोडक्यात परत सांगायचं आणि शेवटचं विचारायचं, मग आता काय करावं म्हणताय? ही फेरी संपली की खोलीचा आवाजच बदललेला असतो. एमआय काय असतं हे आता तुम्ही सांगायची गरज उरत नाही. त्यांनीच पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतला फरक बोलून दाखवलेला असतो.

दुपारी आरसा-वाक्यांवर काम. एक सोपा खेळ : तिघी-चौघींच्या गटात एकीने स्वतःबद्दल एक वाक्य सांगायचं, जसं “मी जरा हट्टी आहे.” बाकीच्यांनी विचारत जायचं, “म्हणजे ठरवलं ते करूनच सोडता?” “म्हणजे घरचे त्यावरून बोलतात?” तिने फक्त होय किंवा नाही म्हणायचं. एका साध्या वाक्याच्या पोटात किती अर्थ असतात, हे त्यातून कळतं. मग त्याच वाक्यांतला ‘म्हणजे’ आणि प्रश्नाचा सूर काढून टाका, आरसा-वाक्य तयार.

दुसऱ्या दिवशी कान तयार करायचे. मी आमच्या भागातली पंचवीस-तीस खरी वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून नेते. एकीने चिठ्ठी वाचायची, बदलाची भाषा ऐकू आली तर सगळ्यांनी हात वर करायचा. मग गोलात प्रत्येकीने त्या वाक्याला एकेक उत्तर द्यायचं, चेंडू झेलावा तसं. चूक-बरोबर म्हणू नका, फक्त विचारा : या उत्तरानंतर मावशी पुढे काय बोलतील?

माहिती कशी द्यायची हेही त्याच दिवशी, कारण आशाताईचं अर्धं काम माहिती देण्याचं असतं. विचारा, सांगा, विचारा. टीबीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या आणि माणूस दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेला. “गोळ्यांचं कारखान्यावर कसं करायचं ठरवलंय?” आधी त्याचं ऐका. मग, “दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यातूनबी त्या मिळतात, त्याबद्दल सांगू का?” होकार मिळाला की थोडक्यात सांगा. मग, “हे तुम्हाला कितपत सोयीचं वाटतं?” उचल घेतलेली असते, मुकादमाचं वेळापत्रक असतं. त्या चौकटीत काय बसतं ते त्यालाच ठाऊक असतं.

दोन दिवसांत सगळं कोंबू नका. मिलर आणि थेरेसा मॉयर्स यांनी २००६ साली एमआय शिकण्याचे आठ टप्पे मांडले. पहिल्या प्रशिक्षणात त्यातले पहिले तीन नीट झाले तरी पुष्कळ : या पद्धतीमागची वृत्ती, ऐकण्याची कौशल्यं आणि बदलाची भाषा ओळखणं.

कुणीतरी नक्की म्हणेल, “हे शहरात ठीक आहे. आमच्याकडची माणसं दरडावल्याशिवाय ऐकत नाहीत.” इथे प्रशिक्षकाची परीक्षा असते. वाद घातलात तर दोन दिवस शिकवलेलं तुम्हीच पुसलंत. “दरडावून काम झालेलं तुम्ही पाहिलंय, आणि आपल्या माणसांचं भलं व्हावं ही तळमळ आहे,” असं म्हणा आणि थांबा. बहुतेक वेळा तीच व्यक्ती पुढे म्हणते, “झालं खरं, पण टिकलं नाही.”

पायरी ७ : खरं काम प्रशिक्षणानंतर

मिलर आणि माउंट यांनी २००१ साली एका कार्यशाळेचा परिणाम तपासला. शिकणाऱ्यांना आपण खूप बदललो असं वाटत होतं, पण समोरच्या माणसाच्या बोलण्यात फरक पडावा इतका बदल झालेला नव्हता. २००४ साली मिलर आणि सहकाऱ्यांनी १४० समुपदेशकांवर मोठा अभ्यास केला. ज्यांनी नुसती कार्यशाळा केली त्यांचं कौशल्य चार महिन्यांत ओसरू लागलं. ज्यांच्या रेकॉर्डिंगवर प्रतिसाद मिळाला किंवा ज्यांना फोनवर मार्गदर्शन झालं, त्यांचं टिकलं. संस्था प्रशिक्षणाला बोलावतात तेव्हा मी हे दोन अभ्यास आधी सांगते आणि बजेटमध्ये पाठपुराव्याचे पैसे धरायला लावते. नाही म्हणाले तर दोन दिवसांचा एकच दिवस करते आणि उरलेल्या दिवसाच्या मानधनात फोन करते.

प्रत्येक सहभागीला सहा महिन्यांत चार ते सहा फोन. आशाताईंना रेकॉर्डिंग जमणार नसेल तर पीएचसीच्या मासिक बैठकीनंतर अर्धा तास मागून घ्या आणि तिथेच दोघींना एकमेकींशी खऱ्या विषयावर बोलायला लावून ऐका. वेळापत्रक इथल्या वर्षाचं पाळा : पेरणीच्या आठवड्यात फोन लागत नाहीत, आणि ऊसतोडीच्या गावांत दसऱ्याआधी जे होईल तेच, कारण नंतर मार्च-एप्रिलपर्यंत वस्तीवर म्हातारीकोतारी आणि लेकरंच उरतात.

फोनवर आधी तिला विचारा, “तुला स्वतःला काय ऐकू आलं?” मग तुम्हाला आवडलेलं तिचं एक नेमकं वाक्य तिच्याच शब्दांत सांगा. ‘छान झालं’ म्हणू नका, त्यातून काही कळत नाही. मग विचारा, कुठल्या जागी वेगळं बोलून बघावंसं वाटतं? तिने जागा सांगितली की तिथेच दोन-तीन वेळा फोनवर करून बघा, तुम्ही मावशी व्हा, ती ताई. तिला सापडलं नाही तर परवानगी घेऊन तुम्ही एक सुचवा. एका फोनला एकच गोष्ट. आणि पुढची तारीख ठरवूनच फोन ठेवा.